पिंपाला शिवून परत

मुळशी, धरणाकाठी
गुरुवार, दुपार

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

तुझी कंबर आता बरी असेल, दाजींची साखर ताब्यात असेल आणि विश्रांतवाडीत पाणी वेळेवर येत असेल, अशी आशा करते. (आमच्याकडे पाण्याची ददात नाही. खिडकीतून नजर जाईल तिथवर पाणीच आहे. नळाला येत नाही, एवढंच.) पत्रात आधी समोरच्याची विचारपूस करावी, मग स्वतःचं सांगावं, असं आपल्या सिस्टर बेनेडिक्टा शिकवायच्या, आणि विचारपूस तीन ओळींपेक्षा कमी भरली तर समास सोडून पुन्हा लिहायला लावायच्या. तर विचारपूस झाली. समासही सोडला आहे. आता माझं.

ताई, मी पहिली आले.

हे वाक्य मी एकटं एका ओळीत लिहिलं, कारण आपल्या घराण्यात माझ्याबद्दल ते आजवर कुणी लिहिलेलं नाही. खडकीच्या क्वार्टरमध्ये कपाटावर तुझे कप रांगेनं उभे असायचे. धावण्याचे, लांब उडीचे, तो एक दोन कानांचा, ज्यात आई हळद ठेवायची आणि तू दर वेळी रडायचीस. मी संचलनात शेवटच्या रांगेत असायचे, तेही रांग पुरी व्हावी म्हणून. बाबा फॅक्टरीतून आले की तुला विचारायचे, 'आज काय जिंकलं?' आणि मला विचारायचे, 'जेवलीस का?' (प्रेम दोन्हींत सारखंच होतं, हे मला फार उशिरा कळलं.) तर आता माझ्याकडेही कप आहे. त्यात मी हळद ठेवलेली नाही. तो पलंगावरून दिसेल असा समोरच्या फळीवर ठेवला आहे, आणि सध्या मी दिवसभर पाय उशीवर ठेवून त्याच्याकडे बघत असते. जिंकलेल्या माणसानं विश्रांती घ्यावी, असं इथे सगळ्यांचंच मत पडलं.

तुला या शर्यतीची हकिगत मोनिकाकडून कळलीच असणार. सून सासूला सगळं सांगते हे मला नेहमीच कौतुकाचं वाटतं. या वेळी जरा कमी वाटलं. तिनं सांगितलं असेल की मावशीची होडी उलटी आली, जोडीदारीण शर्यत चालू असताना पान लावत होती, आणि शेवटी पदराचं शीड केलं. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे, आणि तरीही मोनिकाचं म्हणणं चूक आहे. हे कसं, ते फोनवर सांगता येत नाही, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. म्हणून हा कागद.

आधी आपला करार तुला आठवण करून देते, कारण तू तो विसरल्यासारखं करशील. जानेवारीत मी घरामागच्या उतारावर घसरले, कोपर खरचटलं, आणि तेवढ्यावरून तू आणि तुझ्या अभयनं मिळून माझा निकाल लावलात. आता एकटीनं राहणं बस झालं, एप्रिलअखेर घर बंद, मावशी विश्रांतवाडीला. तू मागची खोली रिकामी केलीस, पडदेसुद्धा शिवलेस. (निळे. मला निळा आवडतो हे तू लक्षात ठेवलंस, म्हणून मला धड रागावताही येईना.) ताई, तुझ्या मायेवर माझा आक्षेप कधीच नव्हता. पण हे घर यांनी टेलिफोन खात्यातल्या फंडातून, एकेक खिडकी स्वतः उभं राहून बसवून घेऊन बांधलं, आणि त्यात जेमतेम दोन पावसाळे राहिले. सकाळी चहा घेताना समोर पाणी दिसलं की मला अजून वाटतं, आता हे आत येऊन विचारतील, दूध उतू गेलं का. ते विश्रांतवाडीच्या मागच्या खोलीत विचारायला येतील असं वाटत नाही. हे मी तेव्हा बोलले नाही. मी फक्त म्हणाले की मी होड्यांच्या शर्यतीत उतरते आहे. त्यावर तू इतकी हसलीस की दाजींना फोन घ्यावा लागला, आणि मग फोन परत घेऊन म्हणालीस (दाजी साक्षीदार आहेत): 'पहिली आलीस तर हा विषय मी जन्मात काढणार नाही. पण पाण्यात पडलीस, तर त्याच संध्याकाळी सामान बांधायचं.' हे शब्द नीट लक्षात ठेव. मला ते पुढे लागणार आहेत.

आता उत्सवाविषयी. आमच्याकडे गेल्या वर्षीपासून चैत्रात 'सरोवर वसंतोत्सव' भरतो. भुकूमचा निरंजन म्हणून एक मुलगा आहे, हिंजवडीतली नोकरी सोडून त्यानं काठावर तंबू लावले आहेत, त्याची ही कल्पना. या दिवसांत इथे खरंच बघण्यासारखं असतं. पळस सरत आलेला असतो, पांगाऱ्यावर साळुंक्यांची भांडणं चाललेली असतात, करवंदं अजून हिरवी आणि दात आंबवणारी असतात. पाणी मागे सरकतं आणि काठाची लाल माती पायऱ्या-पायऱ्यांनी उघडी पडते. मग शनिवारी पौडच्या रस्त्यानं गाड्यांची रांग लागते आणि पुण्याची माणसं निसर्ग बघायला येऊन एकमेकांच्या गाड्या बघत बसतात. उत्सवात पहाटे पक्षी बघायचे (मी गेले होते, पक्ष्यांपेक्षा दुर्बिणी जास्त होत्या), मग सायकली, मग लहान मुलांची गाढवाला शेपूट लावण्याची गंमत, आणि शेवटी, रविवारी, होड्या. या होड्या म्हणजे लांबट, पिवळ्या, प्लास्टिकच्या. पुढे एक आणि मागे एक अशी दोन माणसं बसायची, प्रत्येकाच्या हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं एक वल्हं. महिला जोडी, वयाची अट नाही.

माझी जोडीदारीण रंभाबाई. शेजारच्या वाडीतली, जमीनजुमल्याची, आता दोन खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देते. वयानं माझ्यापेक्षा चार पावसाळे मोठी असावी, पण विचारलं तर कधी लहान सांगते, कधी मोठी, समोर कोण आहे ते बघून. गेल्या वर्षी तिच्या खोलीत उतरलेल्या एका मुलीनं तिला शर्यतीच्या वेळी काठावर उभं केलं आणि म्हणाली, 'आजी, तुम्ही फक्त फोटोत या.' तेव्हापासून रंभाबाईच्या डोक्यात ही शर्यत होती. लहानपणी सुका भोपळा कमरेला बांधून ती याच पाण्यात पोहायला शिकली. होडीत मात्र ती कधी बसली नव्हती. मी म्हटलं, काळजी नको, मला वल्हवता येतं.

ताई, इथे तू आठवून बघ. सिस्टर बेनेडिक्टांनी आपल्याला बंडगार्डनच्या नदीवर नेलं होतं. त्यांनी आपला पांढराशुभ्र झगा गुडघ्यात दाबून धरला होता आणि त्या लाकडी होडीत बसून आपल्याला शिकवत होत्या: जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसायचं आणि दोन्ही वल्ही छातीकडे ओढायची. 'मुलींनो, नौका चालवणारा पुढचं बघत नाही, मागचं बघतो, आणि देवावर विश्वास ठेवतो.' मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. (तू तेव्हा होडीतून हात पाण्यात घालून ओरडा खात होतीस.) तर रविवारी मी तेच केलं. पुढच्या जागेवरची पाठ टेकायची गादी हुकातून काढून उलटी लावली, तलावाकडे पाठ केली आणि ऐटीत बसले. रंभाबाई मागच्या जागेवर, तलावाकडे तोंड करून. नऊवारीवर ती केशरी तरंगती जाकिटं आम्हाला चढवली होती. तिनं त्यावरून पुन्हा पदर घेतला आणि डोक्यावर नीट केला. अशा आम्ही दोघी समोरासमोर, गुडघ्याला गुडघे भिडवून, जणू मध्ये निवडायला मेथीची जुडी ठेवली आहे.

निरंजन काठावरून हात हलवून काहीतरी ओरडत होता. पण माइक हैबतरावांकडे होता. हे जत्रेतल्या कुस्त्यांचं समालोचन करणारे, आणि शर्यतीचे पंचही तेच. त्यांच्यापुढे दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकू येणं शक्यच नसतं. ते प्रत्येक जोडीची ओळख तालमीसकट करून देत होते. 'हिंजवडी तालमीची मोनिका, अंगापिंडानं मजबूत' म्हटल्यावर तुझी सून लाल झाली. (तिच्या कंपनीच्या चार जोड्या होत्या, सगळ्यांचे एकसारखे जांभळे टी-शर्ट.) आमच्या वेळी ते म्हणाले, 'आन् ह्या आपल्या टेलिफोनवाल्या बाई आन् रंभाआक्का. टाळ्या वाजवा, मानसं वयस्कर हायेत.' ती टाळी मला फार लागली.

शिट्टी झाली. मी सिस्टरांचं स्मरण करून वल्हं छातीकडे ओढलं. रंभाबाईनंही ओढलं. होडी जागच्या जागी थरथरली, आणि हळूच स्वतःभोवती फिरू लागली. आम्ही जोर वाढवला. तिनं फिरण्याचा वेग वाढवला. डोंगर, तंबू, जांभळे टी-शर्ट पुढे निघालेले, पुन्हा डोंगर. तेव्हा मला समजलं की सिस्टरांच्या होडीतली वल्ही होडीच्या कडेला अडकवलेली होती. ही हातातली, मोकळी. यात माणूस जिकडे तोंड करून बसतो तिकडेच होडी जाते. रंभाबाई मला तलावाकडे नेत होती आणि मी तिला घरी परत आणत होते. उठून वळून बसावं म्हणून मी बूड जरासं उचललं, तोच होडी कलंडायला आली, आणि ताई, खोटं का सांगू, त्या क्षणी मला पाणी दिसलं नाही, तुझे निळे पडदे दिसले.

'हलू नगा!' रंभाबाई ओरडली. 'मला म्हनाला व्हता, येतंय म्हून! ह्येच शिकविलं व्हय तुमच्या इंग्लिश साळंत?'

'तिथे वल्ही वेगळी होती,' मी म्हटलं.

'आता वल्लं खाली ठिवा, हात मांडीवर ठिवा आन् देवळात बसल्यावानी बसा. मी न्हेते तुमाला.'

तिनं नेलं. काय नेलं, ताई! एका वयस्कर माणसानं दुसऱ्या वयस्कर माणसाला समोरून येणाऱ्या वाऱ्यात नेणं म्हणजे काय असतं, ते मी समोर बसून बघितलं. दुपारी आमच्याकडे घाटाच्या बाजूनं वारा सुटतो. शर्यत सकाळी व्हायची होती, भाषणांमुळे दुपारी झाली, त्यामुळे जाताना सगळ्यांनाच तो तोंडावर लागला. रंभाबाईच्या हातातल्या बांगड्या एका लयीत वाजत होत्या, दंडाच्या शिरा दोरीसारख्या उभ्या होत्या, आणि एवढ्यातही ती मला पुढची बातमी देत होती, कारण मला फक्त मागचा काठ दिसत होता. 'तुमची सून लई म्होरं हाय... आता दमली... आता तिची जोडीदारीन तिला बोलतीया... आता ही तिला बोलतीया...' मी हात मांडीवर ठेवून बसले होते आणि मला लाज वाटत होती. पण हळूहळू लाज ओसरली आणि मजा वाटायला लागली. हे गेल्यापासून माझ्यासमोर बसून इतका वेळ माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

पलीकडे पाण्यात निळं प्लास्टिकचं पिंप दोरीनं बांधून ठेवलेलं होतं. नियम असा, की पिंपाला हात लावायचा आणि परत यायचं. गेल्या वर्षी पिंपाला वळसा घालायचा होता, तेव्हा दोन होड्या दोरीत गुंतल्या आणि एक पाहुणा पिंपावर जाऊन बसला, तो जेवणाच्या वेळेपर्यंत; म्हणून या वर्षी नुसतं शिवून यायचं ठरलं. आम्ही पोचलो तेव्हा आमच्यापुढच्या सगळ्या जोड्या तिथेच होत्या. शिवून झालं होतं सगळ्यांचं, वळणं होत नव्हतं. त्या लांबड्या होड्या वळायला घेतल्या की वारा आडवा लागायचा आणि एकीचं नाक दुसरीच्या कुशीत. मोनिका इंग्रजीत सूचना देत होती, जोडीदारीण हिंदीत ऐकत नव्हती, आणि जांभळ्या टी-शर्टांचा एक मोठा गठ्ठा पिंपाभोवती गोल फिरत होता. आमच्या होडीचं टोक त्या गठ्ठ्यातल्या फटीतून सरळ पिंपाला जाऊन टेकलं. मी मागे हात करून पिंपावर थाप मारली, लपाछपीत राज्य असलेल्यावर मारावी तशी.

रंभाबाई म्हणाली, 'आता वळवायची कशी गं बाई हिला?'

आणि ताई, तेव्हा मी समोर बघितलं. समोर काठ होता. हैबतराव होते, मंडप होता, त्याच्या वर माझं घर होतं, खिडकीसकट. मला काहीच वळवायचं नव्हतं. मी आधीपासूनच घराकडे तोंड करून बसले होते.

'रंभाबाई,' मी म्हटलं, 'वल्हं खाली ठेवा. हात मांडीवर. मी नेते तुम्हाला.'

तिच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. मग ती इतकी हसली की होडी पुन्हा कलंडायला आली. मी वल्हं घेतलं आणि ओढलं. जाताना बसून राहिल्यामुळे माझे हात ताजेतवाने होते आणि वारा आता पाठीवर होता. मी जेवढं ओढत होते त्याहून होडी जास्त जात होती. रंभाबाई आता काठाकडे पाठ करून, मागच्या जोड्यांवर नजर ठेवून बसली होती. तिनं कनवटीची चंची सोडली, शांतपणे पानाला चुना लावला आणि समालोचन सुरू केलं. 'सुटली बगा तुमची सून. लई जोरात येतीया. वडा! अवं वडा की, टेलिफोन लावायलाय का!' पान तोंडात गेल्यावर तिचे हात मोकळे झाले. पदराचं म्हणशील, तर तो वाऱ्यानंच उडाला. तिनं फक्त दोन्ही हातांनी टोकं धरली, नाहीतर तो पाण्यात पडला असता. तो फुगला हा वाऱ्याचा दोष. तिनं तो लगेच आवरला नाही हे मी कबूल करते. मीही 'आवरा' म्हटलं नाही.

आमची होडी शेपटाकडून काठाला लागली, मोनिकाची त्याच्या मागून, नाकाकडून. अंतर किती ते मी लिहीत नाही, तुला वाईट वाटेल. (चांगलंच होतं.)

मग तक्रार झाली. जांभळी मंडळी म्हणाली, होडी उलटी आली, हे धरता येणार नाही. मोनिका मला बाजूला घेऊन म्हणाली, 'मावशी, यू नो धिस इज नॉट फेअर.' मी म्हटलं, बाळा, शाळेत असताना मलाही नेहमी तसंच वाटायचं. निरंजन डोकं खाजवू लागला.  सगळ्या मंडपाला तो कपाचा वाद वाटत होता, मला मात्र माझी खिडकी दिसत होती. शेवटी हैबतरावांनी माइक तोंडाशी नेला. 'नेम काय हाय? पिंपाला शिवायचं आन् माघारी यायचं. होडीनं तोंड कुटं करावं ह्ये नेमात न्हाई. मानसाची तोंडं बगा. जाताना येक बाई म्होरं बगत व्हती का? व्हती. येताना येक बाई म्होरं बगत व्हती का? व्हती. तुमच्या होडीत दोघी येकीकडंच बगत व्हत्या, आन् दोघी बी येकमेकीचं आयकत न्हवत्या. निकाल दिला!'

टाळ्या पडल्या. या वेळच्या टाळ्यांत वय नव्हतं. मोनिकासुद्धा शेवटी हसली आणि येऊन मला मिठी मारली. पोरगी मनानं फार चांगली आहे, हे तुला सांगायला हवं असं नाही, पण सांगते. बक्षीस म्हणून कप, आणि दोघींना तलावाकाठच्या तंबूत एका रात्रीचा मुक्काम. तंबू माझ्या घरापासून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर आहे. रंभाबाई म्हणाली, 'सोताचं घर सोडून तंबूत निजाया मला काय खूळ लागलंय?' आणि तिचा वाटा मला देऊन टाकला.

तर ताई, करार पुरा झाला. पडदे फुकट जाऊ देऊ नकोस, मोनिकाच्या खोलीला लाव. मी इथेच राहणार. रात्री वारा पडला की पाण्याचा आवाज थांबतो आणि मला वाटतं, कुणीतरी कान देऊन ऐकतं आहे. रविवारी रात्री मी त्या कुणाला सगळी शर्यत पहिल्यापासून सांगितली. मध्ये कुणी बोललं नाही.

दाजींना जयभीम, अभयला आशीर्वाद, मोनिकाला एक पापा.

तुझी धाकटी (आणि पहिली),
गौतमी

ता.क. एक बारीकशी गोष्ट वर राहून गेली. कप घ्यायला उभं राहण्यासाठी दुधाचे रिकामे क्रेट पालथे मांडले होते. मी सर्वांत उंच क्रेटवर होते, पहिली आल्यामुळे. उतरताना मी लोकांना हात करत होते. डाव्या घोट्याला प्लास्टर आहे, तीन आठवड्यांचं. आता तू तुझेच शब्द आठव. 'पाण्यात पडलीस तर' असं तू म्हणाली होतीस. मी पडले ती कोरड्यावर, तीही कपासकट, आणि कपाला ओरखडासुद्धा नाही. दाजींना विचार, ते माझ्या बाजूनं सांगतील. (मोनिकानं तुला अजून हे सांगितलेलं नाही, कारण मी तिला गळ घातली. तिच्यावर रागावू नकोस.)

ता.क. २. तेव्हा आता खरं काम. मला पाणी द्यायला शुभांगी, रंभाबाईची सून, दोन वेळा येते, पण तिला लवळ्याच्या कॅन्टीनमध्ये कामाला जायचं असतं. तू जयंतीची मिरवणूक बघ, खीर खा आणि दुसऱ्या दिवशी निघून ये. महिनाभर तरी राहा. येताना ती काठी आण, जी तू वापरत नाहीस असं सगळ्यांना सांगतेस. बुद्धपौर्णिमेपर्यंत माझं प्लास्टर निघेल, तेव्हा तो तंबू आपण दोघी घेऊ. चांदण्यात पाणी कसं दिसतं ते एकदा बघ, मग मला विश्रांतवाडीला ने म्हण.

ता.क. ३. रंभाबाई पुढच्या वर्षी शुभांगीबरोबर उतरणार आहे. म्हणते, तुमचं तोंड लई बघून झालं. म्हणून मी निरंजनकडे पुढच्या वर्षासाठी आपल्या दोघींचं नाव देऊन ठेवलं आहे. खडकीच्या खिडकीच्या कट्ट्यावर आपण गुडघ्याला गुडघे लावून अभ्यासाला बसायचो ना, तसंच बसायचं आहे, दुसरं काही शिकायचं नाही. फक्त घराकडे तोंड कुणी करायचं, ते काठावरच ठरवू. या वेळी तू कर. मला तुझ्याकडे बघायचं आहे.